पतंगाची बदनामी

दिवाळीच्या अंकात दिव्याची स्तुती करावी, असा जुना संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे, आणि सणासुदीच्या दिवसांत वाकडे बोलण्याबद्दल वाचकांची आगाऊ क्षमा मागून ठेवतो. पणतीशी माझे भांडण नाही. तेल संपले की ती मुकाट्याने विझते. एवढी समज जिला आहे तिच्याशी कोण भांडेल? माझे भांडण आहे ते कधीच न विझणाऱ्या दिव्याशी, आणि त्याहून अधिक त्या दिव्याच्या निमित्ताने आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत त्या कथेशी. पतंग दिव्यावर झेपावतो, जळतो, आणि आपण म्हणतो, "काय हे प्रेम!" कीर्तनकारांनी त्याला मोहाचा दाखला केले, शायरांनी प्रेमाचा केले, शाळामास्तरांनी मूर्खपणाचा केले. तिघांपैकी एकानेही पतंगाला काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

वस्तुतः पतंगाला दिव्याचे प्रेमही नाही आणि मोहही नाही. काळोखात उडणाऱ्या प्राण्यापुढे एक साधा पण जीवघेणा प्रश्न असतो: वर कोणते आणि खाली कोणते? रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असते. तेव्हा पाठ उजेडाकडे ठेवली की पोट आपोआप जमिनीकडे राहते आणि उडणे सरळ होते. कोट्यवधी वर्षे ही खूण खरी ठरली. मग आपण जमिनीवर दिवा लावला. २०२४ साली सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत दिसते ते असे की, दिव्याजवळून जाणारा किडा दिव्याकडे तोंड करीत नाही, पाठ करतो. पाठ वळवता वळवता तो दिव्याभोवती घिरट्या घालू लागतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन कोसळतो. ज्याला आपण आत्मसमर्पण म्हणत आलो, ती वाट चुकलेल्या वाटसरूची धडपड होती, आणि वाटेवरची पाटी आपणच फिरवून ठेवली होती. यावर कोणी प्रेमगीते रचली असतील तर रचोत बापडे. मला मात्र त्यांची लाज वाटते.

ही लाज मला पुस्तक वाचून आली नाही. गेल्या वर्षी भाद्रपद अमावास्येला मी इंदापूर तालुक्यात अक्काकडे होतो. तिच्या घराच्या एका अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे आणि दुसऱ्या अंगाला माळ. बारामती-इंदापूरचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी इकडे आले, पुढे साखर कारखाने आले, आणि जिथवर पाणी पोचले तिथवर ऊस झाला. जिथे पोचले नाही तिथे कुसळी, मारवेल, पवना अशा गवतांचा माळ उरला. अक्काचे घर नेमके या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. पतंग पाहायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

दाजींना मी त्यांचे एक जुने, स्वच्छ धुतलेले धोतर मागितले. कशाला, ते सांगितल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, रातचं किडं बघाया एवढ्या लांबनं आलाय व्हय?" अक्काचे म्हणणे निराळे. "अवसेच्या रात्री माळाकडे कशाला रे जातोस? सकाळी जा की." मी तिला समजावले की, चंद्र नसतो म्हणूनच अवसेची रात्र चांगली. ते तिला पटले नाही. पण अंगणातला हॅलोजन दोन तास मालवायला ती कबूल झाली, हाच माझा मोठा विजय. तो दिवा गेल्या चार वर्षांत रात्री कधी मालवला गेला नव्हता. दोन बांबूंमध्ये धोतर ताणले, मागे बॅटरीचा दिवा ठेवला आणि मी, दहा वर्षांचा भाचा आणि एक भिंग असे तिघे मांडी ठोकून बसलो.

अर्ध्या तासात धोतराचा पांढरा रंग ओळखू येईना. आधी आले गवतातले चिमुकले पतंग, पंख अंगाभोवती गुंडाळून बसणारे, पेन्सिलीला टोक करताना पडणाऱ्या तासांसारखे. मग एक भला दांडगा पतंग धोतरावर आदळला. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी स्पष्ट खूण होती. हातात धरताच तो उंदरासारखा चीं चीं ओरडला, आणि भाचा माझ्या मागे दडला. ओसरीवरून अक्काने 'अपशकुन' हा शब्द उच्चारलाच. खरी हकिकत अशी की, या पतंगाची अळी तिळाची पाने खाऊन वाढते आणि मोठेपणी हा मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. त्याला चोर म्हणा हवे तर. यमदूत का म्हणता?

पण त्या रात्रीचे खरे पाहुणे पतंग नव्हतेच. पतंगांच्या गर्दीत, त्यांच्या आडोशाने, भलतीच मंडळी येऊन बसली होती. एक लांबट, जाळीदार पंखांचा, चतुरासारखा दिसणारा पण मंद उडणारा प्राणी भाच्याने दाखवला आणि विचारले, "मामा, ह्यो काय?" मी त्याला गोठ्यापाशी नेले. तिथे वळचणीखालच्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे लहान खड्डे होते. त्यांच्या तळाशी दडून, घसरून आलेल्या मुंग्या पकडणारा किडा त्याने काडीने शेकडो वेळा उकरून काढला होता. तोच मोठा झाला की असा होतो, हे कळल्यावर त्याने खड्ड्याकडे पाहिले, धोतराकडे पाहिले, आणि पुन्हा खड्ड्याकडे पाहिले. शाळेतल्या कुठल्याही धड्यानंतर मी त्याचा असा चेहरा पाहिलेला नाही.

दुसरा पाहुणा तर साक्षात कोडे. पुढून पाहावे तर प्रार्थनाकीटक, तसेच घडी घातलेले काटेरी हात. मागून पाहावे तर जाळीदार पंखांची माशी. त्याचे पिल्लू कोळ्याच्या अंड्यांच्या थैलीत शिरून आतल्या अंड्यांवर वाढते. भाच्याने त्याचे नाव तिथल्या तिथे 'अर्धामुर्धा' ठेवले, आणि मला त्याहून चांगले नाव अजून सुचलेले नाही. तिसरा पाहुणा भिंगाखेरीज दिसलाच नसता. एका भुंगेऱ्याच्या पायाला तिळाएवढा विंचू लटकला होता. त्याला नांगी नव्हती. हा छद्मविंचू, याला पंख नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या पायाला धरून फुकट प्रवास करतो. आपल्याकडे एसटीच्या मागच्या शिडीला लोंबकळणारे वीर असत, त्यांचाच हा पूर्वज म्हणायचा.

पतंग पाहता पाहता असे काही सापडणे ही केवळ आमच्या धोतराची पुण्याई नव्हे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ॲशर ट्रीट नावाचे प्राध्यापक पतंगांचे कान तपासत होते. पतंगांना कान असतात, आणि ते वटवाघळाचा आवाज ऐकण्यासाठी असतात. त्या कानांत त्यांना इवल्याशा गोचिडवर्गीय किड्यांची वसाहत आढळली. नवल हे की, वसाहत एकाच कानात. दुसरा कान मोकळा. पहिली मादी ज्या कानात शिरते, त्याच कानाची वाट मागून येणाऱ्या साऱ्या धरतात. कारण उघड आहे. दोन्ही कान निकामी झाले तर पतंगाला वटवाघूळ गाठील आणि घरमालकाबरोबर भाडेकरूही जातील. एका पतंगाच्या कानात एवढा शहाणपणाचा कारभार चालत असेल, तर आपण चप्पल उचलण्यापूर्वी क्षणभर थांबायला काय हरकत आहे?

"हे सारे मनोरंजन झाले," असे कोणी म्हणेल. "रिकामपणचे उद्योग. पोटाशी याचा संबंध काय?" त्याचे उत्तर मला दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाले, आणि ते मिळाले नसते तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

भाचा आता भिंग परत देईना. उजाडताच तो मला उसाच्या फडात घेऊन गेला. उसावर पाकोळी पडली होती. पाकोळी म्हणजे पायरिला, पानातला रस शोषणारा गवती रंगाचा, टोकदार तोंडाचा किडा. (आपल्या भाषेची गंमत पाहा: पाकोळी म्हणजे फुलपाखरूही, पाकोळी म्हणजे एक पक्षीही, आणि पाकोळी म्हणजे उसाचा वैरीही. जे पाहायचे नसते त्याला माणूस एकच नाव देतो.) भाच्याने एका पाकोळीवर भिंग धरले आणि ओरडला, "मामा, हिच्या पाठीवर कुणीतरी बसलंय!" खरेच बसले होते. कापसाच्या बोंडातल्या कणासारखी पांढरी, मेणकट अळी तिच्या अंगाला घट्ट चिकटून तिचा रस शोषत होती. पानांवर तिचे पांढरे कोष होते, आणि एका कोषाशेजारी नुकताच बाहेर आलेला एवढासा काळपट पतंग.

याचे नाव एपिरिकॅनिया. हा पतंगच, पण याची अळी ऊस खात नाही, उसाच्या वैऱ्याला खाते. ऊसतज्ज्ञ त्याला मित्रकीटक म्हणतात आणि जिथे तो नसेल तिथे हेक्टरी चार ते पाच हजार कोष आणून सोडा, असा सल्ला देतात. दाजींच्या फडात तो निमंत्रणावाचून, फुकट आला होता. मी धावत दाजींना सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "पल्याडल्या फडात तर परवाच फवारा मारला. पांढरं पांढरं दिसलं, मला लोकरी मावा वाटला. दुकानात ईचारलं, त्यांनी औषध दिलं."

मी पल्याडच्या फडात गेलो. पाकोळी मेली होती आणि तिच्या पाठीवरचा पांढरा स्वारही मेला होता. चौकीदार आणि चोर एकाच गोळीने मारले होते, आणि गोळीचे पैसे मात्र दाजींनी भरले होते. महिन्याभराने अक्काचा फोन आला. फवारलेल्या फडात पाकोळी पुन्हा आली होती. न फवारलेल्या फडात ती फार उरली नव्हती. एका शेतावरून सिद्धांत मांडू नये, एवढे मला कळते. पण दाजींचा दोष मी काढणार नाही. त्यांना पांढरे म्हणजे रोग एवढेच शिकवले गेले होते. पाठीवर बसलेला पांढरा ठिपका कोण, हे पाहायला कोणी शिकवलेच नव्हते.

ज्या लोकरी माव्याच्या भीतीने त्यांनी पंप उचलला, त्याची कथा तर आणखी बोलकी आहे. २००२ साली हा मावा पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर उतरला आणि पानेच्या पाने पांढरी झाली, खालची पाने काजळीने काळी पडली. शेतकरी हवालदिल झाले. पुढे तो आटोक्यात आला तो कोणामुळे? डिफा नावाच्या एका करड्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा तपकिरी किडा, आणि नंतर आणलेली एनकार्शिया ही सूक्ष्म गांधीलमाशी, यांच्यामुळे. हे मित्र जाळीच्या मांडवात उसावर वाढवून शेतोशेती पोचवावे लागले. म्हणजे ज्या जातीच्या प्राण्याला आपण दिव्याखाली झाडूने गोळा करून उकिरड्यावर टाकतो, त्याच जातीच्या एकाने हजारो कुटुंबांचा ऊस राखला. त्याचा पुतळा कोणत्याही चौकात मला दिसला नाही.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही मांडले पाहिजे. साऱ्या पतंगांच्या अळ्या साधुसंत नसतात. हरभऱ्यातली घाटेअळी, उसातला खोडकिडा, २०१८ साली भारतात शिरून मक्याचा फडशा पाडणारी अमेरिकन लष्करी अळी, हीही पतंगांचीच लेकरे. त्यांची वकिली मी करीत नाही. हंगामात काही तास लावलेला, सकाळी उघडून मोजलेला प्रकाशसापळा ही शेतकऱ्याची रीतसर चौकशी आहे. तिला माझा मुजरा. अंगणात बारमाही जळणारा हॅलोजन म्हणजे चौकशीवाचून फाशी आहे. शत्रू ओळखून मारणाऱ्याला शेतकरी म्हणावे. दिसेल त्याला मारणाऱ्याला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

आणि ही ओळखण्याची टाळाटाळ किड्यांपाशी थांबत नाही, ती जमिनीपर्यंत जाते. ज्या माळाच्या कडेला आम्ही धोतर बांधले, त्याला सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला. त्यात झुडपी आणि उघडे माळ पडीक म्हणूनच रंगवलेले आहेत. पडीक कोणाच्या हिशेबाने? या माळावर चिंकारा चरतो, लांडगा पिल्ले वाढवतो, चंडोल गातो, धनगराची मेंढरे जगतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली याच गवतासाठी राखले गेले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर वनखात्याने पाहुण्यांसाठी सफारी सुरू केली, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच तालुक्यांत पावसाळा आला की माळावर खड्डे खणून, झाडे लावून, छायाचित्रे काढून घेण्याचा उत्साह काही ओसरत नाही. गवत उपटून झाड लावणे म्हणजे विहीर बुजवून तिच्यावर पाणपोई बांधणे आहे. त्या रात्री धोतरावर आलेले पेन्सिलतासे गवतावर जगतात. गवत गेले की ते गेले, आणि त्यांच्यामागून त्यांच्यावर जगणारी सारी पंगत उठली.

अक्काच्या गावात तेव्हा माळाच्या तोंडाशी हायमास्ट दिवा उभारायचा विचार चालला होता. पाहुणा असूनही मी ग्रामसभेत दोन शब्द बोललो. लोक हसले. एका म्हाताऱ्या बाईने मात्र हसता हसता रोखठोक विचारले, "बाबा, उसात बिबट्या हाय, वाटंला साप हाय. आमी अंधारात चालावं व्हय?" तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. माणसाच्या वाटेवर उजेड हवाच. पण तो वाटेवर हवा, आभाळात कशाला? वरून झाकलेला, खाली पाडणारा, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर, आणि रहदारी थांबली की मालवता येणारा दिवा तिचे पाय सुरक्षित ठेवील आणि माळही अंधारात राहील. पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात, हा तर घरात बल्ब बदलूनही घेता येण्यासारखा अनुभव आहे. त्यावर सभेत कोणी बोलले नाही. हायमास्टमध्ये जी शान आहे ती झाकलेल्या दिव्यात नाही, हेच खरे कारण असावे.

मला सर्वांत टोचते ते निराळेच. १८८५ साली चार्ल्स स्विन्हो नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीत लेख प्रसिद्ध केला. पुण्याच्या छावणीतल्या परक्या माणसाने आपल्या दिव्याखालच्या प्राण्यांकडे निरखून पाहिले, आणि आपण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्यांना 'किडा' या एकाच पोत्यात कोंबतो आहोत. भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आत-बाहेर, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला, ते योग्यच झाले. दिवसा उडणाऱ्याला मान आणि रात्री उडणाऱ्याला चप्पल, हा न्याय मात्र मला कळत नाही.

मी स्वतः काही या पापातून मुक्त नाही. लहानपणी अभ्यासाच्या दिव्याभोवतीचे किडे वहीने चिरडून त्यांची रांग मांडणे हा माझा आवडता खेळ होता. तेव्हा त्या रांगेत किती अर्धेमुर्धे गेले, कोण जाणे. भाच्याने त्या रात्रीपासून एक वही केली आहे. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर त्याने स्वतः ठेवलेले नाव. परवापर्यंत त्यात त्रेचाळीस नावे झाली होती. माझी चिरडलेली रांग आणि त्याची वही यांच्या मध्ये खर्च झाला तो एका जुन्या धोतराचा आणि एका भिंगाचा.

लक्ष्मीपूजनाची रात्रही अमावास्येचीच असते, हे आपण रोषणाईच्या भरात विसरतो. पणत्या अवश्य लावा. मुलांना करंज्या द्या, आकाशकंदील लावा. मग जेवणे आटोपली की गच्चीवरचा, अंगणातला तो मोठा दिवा मालवा, एक पांढरे कापड ताणून बॅटरी लावा, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती भिंग द्या. तासाभरात काय येते ते पाहा आणि दिवा काढून घ्या, म्हणजे पाहुणे आपापल्या वाटेने जातील. आणि चुकून एखादा पतंग ज्योतीवर गेलाच, तर "काय हे प्रेम!" असे म्हणू नका. "आमच्या हातून चूक झाली," एवढेच म्हणा, आणि फुंकर घाला.